चौदा नंबरची लाल रेघ

पेटीत एक तुकडा कमी होता.

काल संध्याकाळी मोजले तेव्हा तेवीस होते. आता बावीस भरत होते. शेडवाल्याने बोटाने एकेक तुकडा सारत पुन्हा मोजलं, मग उलट्या बाजूने मोजलं, मग पेटी हलकेच उचलून खाली काही सांडलंय का ते पाहिलं. बावीसच. भोक नंबर चौदा, पेटी चाळीस, शेवटचा कप्पा. मनगटाएवढ्या जाड दगडी कांड्यांच्या शेवटी हातभर नुसता चुरा होता, आणि त्या चुऱ्यातलाच एक तुकडा गायब होता.

"वाटलंच होतं," तो पुटपुटला. चार दिवसांपूर्वी नव्या कंपनीची बाई जीपमधून उतरली, तेव्हापासून त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकत होती. एवढ्या लांबून येऊन कुणी जुने दगड बघत बसतं का? नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं.

बाई शेडच्या पायरीवर उन्हात बसल्या होत्या. मांडीवर जुना टॉवेल, बाजूला चिकटपट्टीचं रीळ आणि डिंकाची बाटली. एका डोळ्याला भिंग लावून त्या हातातल्या तुकड्याच्या कडा न्याहाळत होत्या.

"मॅडम, पेटी चाळीसमधला एक तुकडा दिसत नाहीये."

"हा काय, माझ्याकडे आहे. आत उजेड कमी पडतो, काका."

"शेडबाहेर दगड न्यायचा तर रजिस्टरला नोंद लागते."

"अहो, मी पायरीवर बसलेय. दारापासून चार फूट."

"चार फूट काय नि चार मैल काय. बाहेर ते बाहेर."

बाई हसल्या. त्यांनी रजिस्टर मागून घेतलं आणि नीटस अक्षरात लिहिलं : एक तुकडा, लिंबाएवढा, पायरीपर्यंत, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. खाली सही केली. आपली थट्टा होते आहे हे शेडवाल्याला कळलं, पण नोंद झाली यात त्याला जास्त समाधान होतं.

त्याला सगळे 'कुलूप' म्हणत. तोंडावर नाही, पण फार मागेही नाही. संध्याकाळी शेडला कुलूप लावलं की तो ते तीनदा ओढून बघायचा, फाटकापर्यंत जायचा आणि परत येऊन चौथ्यांदा ओढायचा. आत काय होतं म्हणाल, तर दगड. एकोणीस भोकांतून निघालेले, हजारभर पेट्यांत ओळीने मांडलेले दगड. जमिनीत पोकळ नळीसारखा ड्रिल तिरका उतरवला की नळीत दगडाची लांबच लांब कांडी येते. ती तुकड्यातुकड्याने बाहेर काढायची, डावीकडून उजवीकडे ओळीत लावायची आणि मध्येमध्ये खोलीचा आकडा लिहिलेले लाकडी ठोकळे ठेवायचे. ज्याला येतं तो पेटी पुस्तकासारखी वाचतो. ज्याला येत नाही त्याला ते नुसते दगड दिसतात. आणि नुसते दगड एकतीस वर्षं राखणारा माणूस वेडाच असणार, असं गावाचं मत होतं.

पण चौदा नंबर नुसता दगड नव्हता. एकतीस वर्षांपूर्वी, पहिली तेरा भोकं जवळजवळ कोरडी गेल्यावर, चौदाव्यात सहा मीटर खनिज लागलं होतं. शिशाचं चकाकणारं चौकोनी खनिज, त्याला बिलगून जस्ताचं तपकिरी, आणि प्रयोगशाळेतून तपासून आलं तेव्हा त्यात चांदीही भरपूर. मोठे साहेब, म्हणजे तेव्हाचे मुख्य भूवैज्ञानिक, त्या दिवशी ड्रिलवरच्या प्रत्येकाशी हात मिळवत फिरले होते. मग त्यांनी त्या खनिजाच्या मागावर टेकडीच्या पूर्वेला पाच भोकं घेतली. पाचही कोरडी. कणभरही काही नाही.

मग कुजबुज सुरू झाली. आजूबाजूला काहीच नाही आणि मध्येच सहा मीटर माल, हे कसं? कुणीतरी दुसऱ्या खाणीतल्या कांड्या चोरून आणून पेटीत बसवल्या असणार. चौकशी बसली. काहीच सिद्ध झालं नाही, पण चौदा नंबरच्या कागदांवर आडवा शिक्का बसला : संशयास्पद. काम बंद पडलं. मोठ्या साहेबांनी राजीनामा दिला आणि कुठल्याशा शाळेत गणित शिकवायला लागले. ड्रिल चालवणाऱ्या मिस्त्रीला कामावरून काढलं. शेडवाला तेवढा राहिला, कारण दगड टाकून देता येत नव्हते आणि ते राखायला कुणीतरी हवंच होतं.

तो मिस्त्री शेडवाल्याच्या बायकोचा सख्खा मोठा भाऊ होता. आणि चौकशीत त्याचं नाव घेतलं होतं ते शेडवाल्यानेच.

"आज काय केलं त्या बाईंनी?" संध्याकाळी बायकोने चहा पुढे ठेवत विचारलं.

"चुरा जोडतेय. चार दिवस झाले, नुसता चुरा. फुटका कप जोडावा तसे तुकडे एकमेकांना लावते आणि चिकटपट्टी मारते."

"मग जोडू दे की. तुमचं काय जातं?"

"एखाद्याने चार दिवस चुरा जोडायचा म्हणजे त्याच्या पोटात काहीतरी वेगळंच असतं. मला वाटतं, एकेक करून तुकडे लांबवणार आणि आपल्या नावाने शोध लावणार."

"तुम्हाला दूधवाला पण आपल्या नावाने शोध लावणारा वाटतो," बायको म्हणाली आणि स्वतःचा कप घेऊन खिडकीपाशी बसली. थोड्या वेळाने तिने बाहेर बघतच विचारलं, "आता नवे लोक आलेत. ते जुनं सगळं परत तपासणार असतील ना?"

"तपासतील."

"मग दादाचं काय ते कळेल."

या घरात दादाचा विषय वर्षातून एक-दोनदा असाच निघायचा आणि असाच जागच्या जागी थांबायचा.

मिस्त्री चौदा नंबरच्या आधी टेकड्यांपलीकडच्या एका चालू खाणीत होता. तिथून त्याने शिशाच्या खनिजाचा एक गोळा आणला होता. घरात दार वाऱ्याने आपटू नये म्हणून तो दाराला लावून ठेवायचा. चौकशीच्या साहेबांनी विचारलं, "असं खनिज तुम्ही दुसरीकडे कुठे पाहिलंय का?" सव्वीस वर्षांच्या शेडवाल्याने खरं तेच सांगितलं. हो, मेव्हण्याच्या घरी, दारापाशी. तो एवढंच बोलला. पुढचं चौकशीवाल्यांनी आपापल्या मनाने जोडून घेतलं. पण जे त्यांनी जोडलं, ते त्याने स्वतः आधीच मनात जोडून ठेवलं होतं, हे मात्र खरं. ज्याच्याकडे एक गोळा सापडतो, त्याच्याकडे पिशवीभर कांड्या का नसतील?

तेव्हापासून दोन घरांत जाणं-येणं नव्हतं. मिस्त्रीने पुढे घर बदललं, त्या घरी शेडवाला कधीच गेला नव्हता. बायको दर गुरुवारी दुपारी शिवणकामाला म्हणून बाहेर पडायची. दहा-बारा वर्षांपूर्वी एका गुरुवारी तो लपतछपत तिच्या मागे गेला होता. ती मिस्त्रीच्या गल्लीत वळली तसा कोपऱ्यावरूनच मागे फिरला. घरी आल्यावर त्याने विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. आपल्याला सगळं माहीत असल्याचं त्याला त्या दिवशी जरा बरंच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई शेडमध्ये आल्या नाहीत. जीप टेकडीकडे जाताना दिसली. शेडवाल्याने अर्धा तास वाट पाहिली, मग कुलूप लावलं, चारदा ओढलं आणि टेकडी चढायला लागला. झुडपांच्या आडून, वाकून, दम खात. वर बाई एका उघड्या खडकापाशी बसून होकायंत्राने काहीतरी मोजत होत्या. मोजायच्या, लिहायच्या, पुढच्या खडकाकडे जायच्या. शेडवाला एका झुडपामागे बसला. त्या झुडपाला पानं कमी आणि काटे जास्त होते.

"काका, पाणी आणलंय का?" बाईंनी मान न वळवता विचारलं.

तो कपडे झटकत उठला. "मी आपला... सहज आलो होतो."

"बरं झालं. इकडे या. हा खडक बघा. पत्त्यांचा गठ्ठा तिरका टेकवून ठेवावा तसे याचे थर आहेत ना? कुठल्या बाजूला उतरतात?"

"पश्चिमेला."

"तो पलीकडचा?"

"तोही पश्चिमेला."

"सकाळपासून चाळीस ठिकाणी मोजलं. सगळे पश्चिमेला. पहिल्या तेरा भोकांतले थरही पश्चिमेला. चौदा नंबरमध्ये पण वरपासून पेटी चाळीसपर्यंत पश्चिमेलाच. आणि पेटी एक्केचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस, जिथे माल आहे, तिथेच तेवढे पूर्वेला. त्रेचाळीसच्या पुढे पुन्हा पश्चिमेला."

"साहेब म्हणायचे तिथे दगडाला मोठी घडी पडलीय. म्हणून तर पूर्वेला पाच भोकं घेतली."

"हो, त्यांचा अहवाल वाचलाय मी. फार सुंदर लिहिलाय. घडीचं चित्रही काढलंय." बाई पाणी पितापिता थांबल्या. "पण वर टेकडीवर ती घडी कुठेच नाही, काका."

उतरताना शेडवाल्याला आतून बरं वाटत होतं. म्हणजे कांड्या बाहेरून आणूनच बसवल्या होत्या. थर जुळत नाहीत, याहून मोठा पुरावा कोणता? एकतीस वर्षं जे मनात धरलं ते खोटं नव्हतं. बायकोला कसं सांगायचं, एवढाच काय तो प्रश्न होता. वाईट वाटल्यासारखं तोंड करून सांगावं, असं त्याने ठरवलं.

त्याला ती वेळ आली नाही. दुपारी बाईंनी त्याला टेबलापाशी बोलावलं. पेटी चाळीस आणि एक्केचाळीस शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. मध्ये लाकडाच्या पन्हळीत हातभर लांबीची एक कांडी होती, चिकटपट्टीने बांधलेली. तेवीसच्या तेवीस तुकडे जागच्या जागी बसून चुऱ्याची पुन्हा कांडी झाली होती.

"आता बघा." बाईंनी चाळीसमधली शेवटची अख्खी कांडी उचलली आणि जोडलेल्या कांडीच्या डाव्या टोकाला लावली. खाचेत खाच बसली. मग एक्केचाळीसमधली पहिली कांडी उजव्या टोकाला लावली. थोडी फिरवली, आणखी थोडी, आणि खट् असा बारीक आवाज होऊन तीही बसली. मध्ये नखही जाईना.

"हा दगड अखंड आहे, काका. चाळीसमधून एक्केचाळीसमध्ये एकच कांडी जाते. त्रेचाळीसच्या शेवटीही तसंच जुळतं, ते मी कालच पाहिलं. कुणी बाहेरून काही आणलेलं नाही. माल इथलाच आहे, याच टेकडीचा."

शेडवाल्याने सांध्यावरून बोट फिरवलं.

"मग थर उलटे का?" त्याने विचारलं.

"थर उलटे नाहीत. रेघ उलटी आहे."

आता त्याला ते दिसलं. चाळीसमधल्या कांडीवर लांबीने ओढलेली लाल रेघ वरच्या अंगाला होती. चुऱ्यावर रेघ नव्हतीच. आणि एक्केचाळीसमधल्या कांडीवरची लाल रेघ, ती कांडी खाचेत नीट बसल्यावर, बरोबर खालच्या अंगाला गेली होती.

ती रेघ म्हणजे काय, हे शेडवाल्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तिरक्या भोकातून कांडी गोल फिरत वर येते, मग तिची जमिनीत असतानाची खालची बाजू कुठली हे कसं कळणार? त्यासाठी मिस्त्री दर खेपेला टोकाला मेणखडू लावलेली सळई आत सोडायचा. तिरक्या भोकात ती खालच्या कडेला टेकायची आणि दगडाच्या तोंडावर एक ठिपका उमटायचा. कांडी वर आली की मदतनीसाने त्या ठिपक्यापासून सरळ लाल रेघ ओढायची. रेघ ती खालची बाजू. त्या रेघेवरून साहेब थर कुठे उतरतात ते मोजणार, आणि पुढचं भोक टेकडीच्या कुठल्या अंगाला घ्यायचं ते ठरवणार.

"बिचाऱ्या माणसाने एका चुकीच्या रेघेवर अख्खी घडी रचली," बाई म्हणाल्या. "पूर्वेला पाच भोकं घेतली, आणि खनिज पश्चिमेला उतरत गेलेलं. एक भोक जरी त्या बाजूला घेतलं असतं... जिवंत आहेत का ते साहेब?"

"नाही. आठ वर्षं झाली."

बाईंनी जुनी पाळीची डायरी उघडली. "त्या दिवशी पाळीवर मिस्त्री होते, त्यांचीच सही आहे. रेघ त्यांनीच मारली असणार ना? मला अहवालात लिहावं लागेल. चोरीचा ठपका जाईल त्यांच्यावरचा, पण चुकीचा राहील."

"सही त्यांची आहे ना," शेडवाला म्हणाला. "मग झालं तर."

तो बाहेर येऊन पायरीवर बसला.

तो दिवस त्याला कालच्यासारखा आठवत होता. नळीतून पहिल्यांदा चकाकणारी कांडी निघाली तसा मिस्त्री ओरडला, "साहेबांना बोलवा." जीप खालून निघाल्याचं दिसलं. कांड्या चिखलाने माखल्या होत्या आणि एवढा माल साहेबांना असा मळका दाखवायचा, हे मदतनीसाच्या जिवावर आलं. म्हणजे त्याच्याच; तेव्हा ड्रिलवर मदतनीस तोच होता. त्याने बादली घेतली, साबणाची पूड घेतली, काथ्याचा ब्रश घेतला आणि सगळ्या कांड्या लख्ख घासल्या. आरशासारख्या चमकायला लागल्या. मग लाल पेन्सिल हातात घेतली, तेव्हा दिसलं की मेणखडूचा ठिपका कुठेच नाही. मागच्या कांडीला जोडून बघावं तर मध्ये चुरा. मिस्त्री यंत्रापाशी होता, हाक मारली असती तर वळला असता. पण जीप फाटकाशी आली होती. ठिपका या बाजूला होता, असं त्याला वाटलं. वाटलं कसलं, खात्रीच होती. त्याने रेघ ओढली.

पुढे एकतीस वर्षांत त्याने मिस्त्रीवर संशय घेतला, प्रयोगशाळेवर घेतला, पेट्या वाहणाऱ्या ट्रकवाल्यावर घेतला, आणि एकदा तर मोठ्या साहेबांवरही. त्या रेघेची आठवण त्याला कधी आलीच नाही असं नाही. यायची. पण आपली खात्री होती, म्हणून तो ती परत ठेवून द्यायचा. डोळ्यात तेल घालून सगळ्या जगाकडे बघितलं, तेवढं स्वतःकडे बघायचं राहून गेलं. साहेब शाळेच्या फळ्यापुढे उभे राहून म्हातारे झाले, मिस्त्री चोर ठरला, आणि ज्याने हे केलं तो इथे बसून दुसऱ्यांची राखण करत होता. त्याला स्वतःची शिसारी आली.

संध्याकाळी बायकोने विचारलं, "आज काय केलं त्या बाईंनी?" तो म्हणाला, "डोकं दुखतंय," आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. अजूनही काही बिघडलेलं नव्हतं. सही मिस्त्रीची होती. बाई अहवाल लिहून निघून जातील. चोर म्हणण्यापेक्षा चुकला म्हणणं केव्हाही बरं, मिस्त्रीलाही बरंच वाटेल. नव्या कंपनीने त्यालाच शेडवर ठेवायचं जवळजवळ कबूल केलं होतं. हे सगळं त्याने स्वतःला दोन-तीन वेळा समजावलं. पण एकतीस वर्षं कुणाच्याच बोलण्यावर विश्वास न ठेवण्याची सवय लागलेली. स्वतःच्या बोलण्यावर तरी कसा बसावा?

सकाळी बाई आल्या तेव्हा तो दारातच उभा होता.

"मॅडम, ती रेघ मिस्त्रीने नाही मारली. मी मारली."

बाईंनी बॅग खाली ठेवली. त्याने सगळं सांगितलं, साबणाच्या पुडीसकट. बाईंनी मध्ये एकदाही त्याला थांबवलं नाही.

"काल का नाही बोललात?"

"काल घाबरलो होतो."

"आणि आज?"

"आजही घाबरलोय. पण काल खोटं बोललो, ते पचलं नाही."

"हे अहवालात जाईल, काका. तुमच्या नावासकट. कंपनी तुम्हाला शेडवर ठेवेल की नाही, मी सांगू शकत नाही. जो माणूस ठिपका नसताना रेघ ओढतो, त्याच्या हाती नव्या कांड्या द्यायच्या का, असं ते विचारतील. त्यांच्या जागी मी असते तर मीही विचारलं असतं."

"विचारायलाच पाहिजे," शेडवाला म्हणाला. "मी तर हाकलूनच दिला असता."

बाईंनी रजिस्टर त्याच्याकडे सरकवलं. त्याने तारीख घातली आणि जे झालं ते चार ओळींत लिहिलं. शेवटी सही केली.

त्या दिवशी तो दुपारीच घरी गेला. बायको भांडी पुसत होती. स्वयंपाकघराच्या दारात उभ्याउभ्याच त्याने तिला सांगितलं. तिच्या हातातलं भांडं बराच वेळ पुसलं जात राहिलं. ती रडेल, भांडेल, निदान 'मी सांगत नव्हते' असं तरी म्हणेल, अशी त्याची तयारी होती. तिने भांडं फडताळात ठेवलं.

"मला सांगून काय उपयोग," ती म्हणाली. "साडी बदलून येते. चला."

रस्त्याने तो पुढे होता आणि ती मागे. प्रत्येक वळणावर तो न विचारता बरोबर वळत होता. मिस्त्रीच्या गल्लीच्या कोपऱ्यावर तिने एकदा त्याच्याकडे रोखून पाहिलं. त्याने खाली मान घातली.

मिस्त्री खाटेवर बसून होता. अंगाने वाळला होता, हातांचे पंजे तेवढे पूर्वीसारखेच रुंद होते. बहिणीला बघून हसला, आणि तिच्यामागे कोण आहे हे ओळखल्यावर हसू तोंडावर तसंच राहिलं. शेडवाल्याने आत येऊन आधी दार लावून घेतलं. मग खाटेजवळ स्टूल ओढून, मान खाली घालून, हळू आवाजात बोलायला सुरुवात केली.

"दादाला असं ऐकू येत नाही," बायको म्हणाली. "मशीनवर कान गेलेत त्याचे. मोठ्याने बोला."

त्याने आवाज वाढवला. मिस्त्रीने कानामागे हात धरला.

"काय म्हणताय, भावोजी?"

"रेघ," तो ओरडला. "चौदा नंबरची. लाल रेघ. ती चुकीची होती. मी मारली होती."

"चुकीची?"

"ठिपका मी धुऊन टाकला होता. साबणाने. मग अंदाजाने मारली. माल खरा होता, मिस्त्री. तुमचं काही चुकलं नव्हतं. तुमच्यावर मी खोटा संशय घेतला. चौकशीत तुमचं नाव मी घेतलं."

एवढं ओरडायची त्याला आयुष्यात सवय नव्हती. घसा खरखरला. बाहेर गल्लीत कुणीतरी चालताचालता थांबल्याचं जाणवलं.

मिस्त्रीने कानामागचा हात खाली घेतला. "ठिपका धुतलात," तो म्हणाला. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसा मोठ्याने. "म्हणजे सळई मी बरोबर सोडली होती."

"बरोबर सोडली होती."

"मला वाटायचं, खडू मीच वाकडा बसवला. नाव तुम्ही घेतलं, ते मला तेव्हाच कळलं होतं. पण माल तर कुणी आणून टाकला नव्हता, हे मला माहीत होतं ना. माझ्याच भोकातून निघाला होता. मग पाच भोकं कोरडी का गेली? माझंच काहीतरी चुकलं असणार. साहेबांसारखा माणूस माझ्यामुळे गेला. रोज सकाळी उठलो की ती पाळी डोक्यात पहिल्यापासून करून बघतो. कितव्या वेळी खडू बदलला, कुठे हात हलला. एकतीस वर्षं सापडत नव्हतं, भावोजी."

शेडवाल्याला वर बघवेना. बायको भिंतीला टेकून उभी होती. तिने पदर तोंडावर धरला होता.

मिस्त्रीने दोन्ही हात खाटेवर टेकले, सावकाश उठून उभा राहिला आणि अंगातला सदरा नीट केला. वरचं बटण लावलं.

"समोरच्या घरचे मला अजून खाणचोर म्हणतात," तो म्हणाला. "शेजारची पोरंसुद्धा. ते दार उघडा जरा. आणि परत सांगा."

शेडवाला उठला. त्याने दार सताड उघडलं. समोरच्या ओट्यावर दोन बायका आणि एक म्हातारा आधीच येऊन उभे होते. त्याने एकदा खाकरून घसा साफ केला आणि गल्लीकडे तोंड करून, मोठ्याने, अगदी पहिल्यापासून सांगायला लागला.